दोन डोळे, पण बघतो एकच : लेकराचा ‘आळशी डोळा’ वेळेत कसा ओळखायचा

लेकरू धावतं, खेळतं, मोबाइलमधलं बारीक चित्र ओळखतं, अंगणातली मुंगीसुद्धा बोट करून दाखवतं. त्याची नजर कमी आहे असं कुणाला वाटणार? चिटगुप्पा तालुक्यातलं निर्णा असो, महामार्गावरचं मन्नाएखेळ्ळी असो की पलीकडचं उदगीर, घरोघरी हेच होतं. मूल दोन डोळ्यांनी बघतंय असं सगळे धरून चालतात आणि प्रत्यक्षात ते एकाच डोळ्यावर सगळं निभावत असतं. दुसरा डोळा दिसायला चांगला, स्वच्छ, काळाभोर. लाली नाही, पाणी नाही, दुखणं नाही. फक्त त्या डोळ्यातून येणारं चित्र मेंदू नीट घेतच नाही.

याला डॉक्टर ‘अँब्लिओपिया’ म्हणतात. मराठीत मंददृष्टी, बोलण्यात ‘आळशी डोळा’ किंवा ‘लेझी आय’, आणि कानडीत ‘सोमारी कण्णु’. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत हे प्रमाण साधारण शंभर मुलांत एक ते तीन असं निघालं आहे. त्या हिशोबाने तीनशे पटाच्या शाळेत तीन-चार मुलं तरी अशी असू शकतात. वर्गात ती ओळखू येत नाहीत, कारण चांगल्या डोळ्याने त्यांना फळा व्यवस्थित दिसतो.

नाव मात्र चुकीचं पडलं आहे. डोळा आळशी नसतो आणि लेकरू तर मुळीच नाही. ‘नीट बघ की, आळशासारखं काय करतोस’ असं म्हणून यात काडीचा फरक पडत नाही.

डोळा नव्हे, मेंदू

आपण डोळ्यांनी बघतो असं म्हणतो, पण डोळा फक्त चित्र आत पाठवतो. ते समजून घेण्याचं काम मेंदूचं. जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला हे काम येत नसतं, तो ते शिकतो. पहिली सात-आठ वर्षं हा शिकण्याचा मुख्य काळ. या काळात दोन्ही डोळ्यांकडून सारखं स्पष्ट चित्र आलं तर मेंदूत दोन्हींची वाट तयार होते. एका डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं, किंवा दोन डोळे दोन दिशांना बघत असल्याने दोन वेगळी चित्रं आली, तर मेंदू सोपा मार्ग काढतो. एकाचं ऐकतो, दुसऱ्याचं बंद करतो. शेतातली पायवाट वर्षभर कुणी चाललं नाही की गवताने भरून जाते, तसं त्या बंद वाटेचं होतं.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला आणि मग उघडला. डोळा धड होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळपास दाद देत नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर मात्र असं काही झालं नाही. लहानपणी एक ठराविक काळ असतो आणि तो निघून जातो, ही गोष्ट यातून पक्की झाली. या दोघांना १९८१चं नोबेल मिळालं.

माणसाच्या लेकरात ही वाट बंद पडते ती मुख्यतः तीन कारणांनी. पहिलं सगळ्यांना दिसतं : तिरळेपणा. दुसरं कुणालाच दिसत नाही : दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक. एका डोळ्याला नंबर नाही आणि दुसऱ्याला तीन-चारचा आहे, तर लेकरू चांगल्या डोळ्याने जग बघतं आणि तक्रारच करत नाही. तक्रार कशी करणार? दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट दिसणं म्हणजे काय हे त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. कधी दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर असतो आणि चष्मा नसतो, तेव्हा दोन्ही डोळे मंद राहतात. तिसरं कारण कमी आढळतं पण सर्वांत घाईचं : जन्मजात मोतीबिंदू, किंवा पापणी इतकी खाली आलेली की बाहुली झाकली जाते. मोतीबिंदू म्हाताऱ्यांनाच होतो असा समज आहे. तान्ह्या बाळालाही होतो, आणि अशा बाळाचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत झालं तर नजर वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. ‘थोडं मोठं होऊ दे, अंगात ताकद येऊ दे’ म्हणून थांबलं की ऑपरेशन चांगलं होऊनही नजर येत नाही.

घरी काय बघायचं

यंत्र लागत नाही. लेकरू खेळण्यात रमलेलं असताना त्याचा एक डोळा तळहाताने झाका, डोळा दाबू नका. थोड्या वेळाने दुसरा झाका. एक डोळा झाकला तर चालतं, पण दुसरा झाकला की लेकरू हात झटकतं, मान फिरवतं, रडतं, असं दर वेळी होत असेल तर सावध व्हा. तुम्ही ज्या डोळ्यावर हात ठेवला तो त्याचा चालता डोळा असण्याची दाट शक्यता आहे. बोलतं मूल असेल तर लांबची वस्तू विचारा : झाडावर काय बसलंय, दुकानाच्या पाटीवर कोणतं चित्र आहे. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं विचारायचं, कारण दोन्ही उघडे ठेवून विचारलं तर उत्तर बरोबरच येईल.

बाकीच्या खुणा अशा की एरवी घरात त्याला सवय म्हणून सोडून देतात. मान एका बाजूला कलती ठेवून बघणं, उन्हात एकच डोळा मिटणं, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणं, पेल्यात पाणी ओतताना बाहेर सांडणं, पायरी उतरताना अंदाज चुकणं. शेवटच्या दोन गोष्टींचं कारण असं की वस्तू किती लांब आहे याचा बारीक अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात.

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दोन्ही बाहुल्या लाल दिसल्या तर काळजी नाही. एक लाल आणि एक पांढरी दिसली, किंवा उजेडात बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर मात्र आठवडाही थांबू नका. तो मोतीबिंदू असू शकतो आणि क्वचित डोळ्यातली गाठसुद्धा असते, ज्यात जीवाचाच प्रश्न असतो.

तिरळेपणाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे त्यावर उपचारापेक्षा समजुतीच फार. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. काही बाळांचं नाक मुळाशी रुंद असतं, त्यामुळे डोळे नुसते तिरळे भासतात. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, मग तो कायमचा असो की फक्त थकल्यावर, तर तपासणी लागते. ‘मोठेपणी आपोआप सरळ होतो’ हा सल्ला घरातली वडीलधारी माणसं मायेने देतात. ‘तिरळा डोळा भाग्याचा’ असंही काही घरांत मानतात. त्या भाग्याची वाट बघण्यात तीन-चार वर्षं गेली की डोळा तिरळाही राहतो आणि मंदही होतो. शाळेत ‘चकण्या’ म्हणून चिडवणं सुरू झाल्यावर मग धावाधाव होते. तोवर बराचसा महत्त्वाचा काळ उलटून गेलेला असतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. घरात आई-बाप, भावंडं यांपैकी कुणी तिरळं असेल, कुणाला लहानपणापासून जाड चष्मा असेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, किंवा आई-बाप नात्यातले असतील, तर लक्षण दिसायची वाट न बघता डोळे तपासून घ्यावेत. मामाच्या मुलीशी लग्न ही या भागातली जुनी रीत. तिच्यावर टीका करण्याचा इथे हेतू नाही. पण नात्यातल्या लग्नात डोळ्यांचे काही जन्मजात आजार जास्त दिसतात, हे खरं आहे.

तक्ता कोणत्या भाषेतला?

सीमाभागात डोळे तपासताना एक अडचण अशी येते, जी पुण्या-बेंगळुरूत कुणाच्या डोक्यातही येणार नाही. लेकरू घरी मराठी बोलतं, शाळेत कानडी अक्षरं गिरवतं, गल्लीत दखनी ऐकतं, आणि भिंतीवरचा तक्ता इंग्रजी असतो. चार वर्षांचं मूल ‘दिसत नाही’ म्हणून गप्प आहे की ‘अक्षर येत नाही’ म्हणून, हे कसं कळणार? उलटही होतं. रांगेत पुढच्या दहा मुलांनी म्हटलेली ओळ ऐकून अकरावं पाठ म्हणून दाखवतं आणि तपासणीत पास होतं.

यावर उपाय आहे. अक्षर न येणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी ‘ई’ चारही दिशांना फिरवलेला तक्ता असतो. मुलाने फक्त काड्या कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. चित्रांचा तक्ताही असतो. फिनलंडच्या डॉक्टर लेआ हिव्हारिनेन यांनी १९७६ मध्ये केलेला सफरचंद, घर, गोल आणि चौकोन या चार आकारांचा तक्ता जगभर वापरतात. त्याला ना मराठी लागते ना कानडी. आपल्या लेकराची तपासणी होताना ‘चित्राचा तक्ता आहे का?’ असं विचारायला संकोच करू नका. दुसरी बाब म्हणजे डोळा नीट झाकला आहे का ते बघा. लेकराने स्वतःच्या बोटांनी झाकलेला डोळा हा झाकलेला नसतोच, फटीतून ते बघतंच.

शाळा आणि अंगणवाडीतली सरकारी तपासणी दोन्ही राज्यांत सारखीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्यात फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, अशी व्यवस्था आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. दोष सापडला तर पुढे पाठवणं आणि उपचार हाही त्याचाच भाग आहे, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. पण पथक येतं त्या दिवशी लेकरू गैरहजर असलं तर पुढची फेरी थेट काही महिन्यांनी. अंगणवाडी ताईंना पथक कधी येणार ते विचारून ठेवणं एवढं तरी आपल्या हातात आहे. पथकाने लिहून दिलेली चिठ्ठी कानडीत असेल आणि घरात कुणाला वाचता येत नसेल, तर ती कपाटात टाकू नका. आशाताईंकडून किंवा शाळेतल्या शिक्षकांकडून वाचून घ्या.

निर्ण्याच्या बाजूने मोठ्या दवाखान्यासाठी बीदरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ब्रिम्स आहे, कलबुर्गीकडच्यांना जिम्स. औराद-भालकीच्या पट्ट्यातले लोक उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात जातात. मन्नाएखेळ्ळीला येऊन महामार्ग धरला की जहिराबादवरून हैदराबाद. तिथे सरकारी सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय आहे आणि एल. व्ही. प्रसाद संस्थेत लहान मुलांच्या डोळ्यांचा वेगळा विभाग आहे. पण सुरुवात हैदराबादपासून करायची गरज नसते. मंददृष्टीचा बराचसा उपचार म्हणजे बरोबर नंबरचा चष्मा आणि चिकटपट्टी. मोठं यंत्र नाही, भरती नाही.

चष्मा आधी, पट्टी मग

लहान मुलाचा नंबर तपासायची रीत मोठ्यांसारखी नाही. लेकराच्या डोळ्यातली भिंगं फार लवचीक असतात, ती ताणून ते नंबर लपवतं. म्हणून बाहुली मोठी करणारं औषध घालून नंबर काढावा लागतो. कधी दवाखान्यातच थेंब घालतात, कधी अ‍ॅट्रोपिनचं मलम तीन दिवस घरी घालायला देतात. मलमाने जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, आणि हे आठवडा-दोन आठवडे राहू शकतं. त्याने नजर जात नाही. पण तोंड लालबुंद झालं, ताप आला, लेकरू बरळायला लागलं तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायचं. औषध न घालता दुकानात यंत्रावर दोन मिनिटांत काढलेल्या नंबरावर चार वर्षांच्या मुलाचा चष्मा करू नये.

चष्मा मिळाला की निम्मी लढाई इथेच असते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असल्याने मंददृष्टी आलेल्या ८४ मुलांना आधी नुसता चष्मा दिला. ७७ टक्के मुलांची नजर तक्त्यावर दोन किंवा जास्त ओळींनी सुधारली. चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना पट्टीची गरजच राहिली नाही. म्हणजे चष्मा हाच पहिला उपचार. तो शाळेत जाताना आणि अभ्यासाला बसताना घालायचा नाही, उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचा. ‘चष्म्याची सवय लागते’, ‘घातला की नंबर वाढतो’ हे खरं नाही. आणि ‘पोरगी आहे, चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडेल’ म्हणून मुलींचा चष्मा टाळणं तर फारच महागात पडतं. लहानपणी चष्मा टाळला तर मोठेपणी त्याच डोळ्याला चष्मा लावूनही दिसत नाही.

तीन-चार महिन्यांत चष्म्याने पुरेसा फरक पडला नाही, तर पट्टी. इथे घरोघरी एकच गल्लत होते. लोक कमजोर डोळा झाकतात, ‘त्याला आराम मिळू दे’ म्हणून. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची असते. चांगला डोळा बंद झाला की मेंदूला कमजोर डोळ्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही कल्पना नवी नाही, फ्रान्सच्या ब्यूफॉनने १७४३ मध्येच हा उपाय लिहून ठेवला होता.

पूर्वी दिवसभर पट्टी ठेवायला सांगत आणि लेकरू आणि आई दोघंही रडकुंडीला येत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की मध्यम मंददृष्टीत रोज दोन तास पट्टी लावून सहा तासांइतकाच फायदा होतो, आणि तीव्र असेल तर सहा तास हे दिवसभराच्या बरोबरीचे ठरतात. किती तास हे डॉक्टर ठरवतील. घरच्यांनी सांभाळायचं ते एवढंच की सांगितलेले तास रोज पुरे व्हावेत. झोपेतले तास धरायचे नाहीत. पट्टी कातडीला चिकटलेली हवी आणि चष्मा तिच्यावरून. नुसत्या चष्म्याच्या काचेवर कागद चिकटवला की मूल बाजूने डोकावतं. पट्टी लावून अक्षरंच गिरवली पाहिजेत असं काही नाही, खेळू दे, चित्रं रंगवू दे, आज्जीसोबत शेंगा निवडू दे. फक्त त्या वेळात रस्ता, विहीर, गच्ची आणि गाडी यांपासून लांब ठेवा, कारण तेव्हा त्याला खरोखर कमी दिसत असतं.

आपल्याकडचा उन्हाळा हा पट्टीचा मोठा शत्रू. एप्रिल-मेमध्ये घामाने ती सुटते, खाली पुरळ येतं आणि दोन दिवसांची सुट्टी दोन महिन्यांची होते. सकाळी उठल्या उठल्या किंवा ऊन उतरल्यावर घरातच तास उरकले, पट्टीची जागा रोज थोडी सरकवली तर निभतं. मूल पट्टी टिकूच देत नसेल तर दुसरी वाट आहे : चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याचं जवळचं दिसणं मुद्दाम धूसर करायचं. मध्यम मंददृष्टीत २००२ मधल्या ४१९ मुलांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी दोन्ही उपायांचा फायदा जवळपास सारखा निघाला. शाळेत चिडवतात म्हणून पट्टीला तयार नसलेल्या मुलाला हा मार्ग सोयीचा. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अजिबात नाही, आणि बाटली लेकराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, एरंडेल यातलं काहीही डोळ्यात घालू नका. गाजर खाणं चांगलं, पण गाजराने ही वाट उघडत नाही. तिरळेपणाचं ऑपरेशन डोळा सरळ करतं, मंद डोळ्याला नजर देत नाही. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा आधी चष्मा-पट्टी आणि मग ऑपरेशन असा क्रम ठेवतात. ‘ऑपरेशन झालं, आता पट्टी कशाला’ असं म्हणून सोडणं म्हणजे केलेलं वाया घालवणं.

उशीर झाला का?

सात वर्षांच्या आत सुरुवात झाली तर फळ सर्वांत चांगलं. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून परत पाठवत असतील, तर दुसरा सल्ला जरूर घ्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात ते बारा वयाच्या मुलांना चष्म्याबरोबर पट्टी आणि थेंब दिले तेव्हा ५३ टक्के मुलांत चांगली सुधारणा झाली, नुसत्या चष्म्यावर ठेवलेल्यांत २५ टक्के. तेरा ते सतरा वयातही ज्यांनी आधी कधीच उपचार घेतला नव्हता, त्यांच्यातल्या काहींना फायदा झाला. म्हणजे दार एकदम बंद होत नाही, हळूहळू लोटलं जातं.

एका डोळ्यावर आयुष्य निघतं की, असंही कुणी म्हणेल. निघतं. पण सैन्यभरती, पोलीसभरती, रेल्वे, सगळीकडे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासतात, आणि सीमाभागातली किती पोरं त्या भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावतात हे सांगायला नको. कित्येकांना आपला एक डोळा मंद आहे हे पहिल्यांदा तिथेच कळतं. शिवाय विटीदांडूची विटी, उसाचं पातं, दिवाळीचा फटाका, यातलं काही चांगल्या डोळ्याला लागलं तर उरलेल्या डोळ्यावर भागत नाही.

उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि साधारण दीड ते तीन महिन्यांनी दाखवावं लागतं. दाखवल्याशिवाय पट्टी चालू ठेवणंही बरं नाही, जास्त झाकल्याने क्वचित चांगला डोळाच मागे पडू शकतो. नजर आल्यावर पट्टी थांबवली की पहिल्या वर्षात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, म्हणून तेव्हाही तपासणी लागतेच. ऊसतोडीला किंवा कामासाठी हैदराबाद-पुण्याकडे जाणाऱ्या घरांत नेमकी इथेच साखळी तुटते. निघण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा, तेवढ्या महिन्यांच्या पट्ट्या एकदम घ्या. चष्म्याचा नंबर, दोन्ही डोळ्यांची नजर आणि पट्टीचे तास लिहिलेल्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नंबर आणि नजर आकड्यांतच लिहिलेली असतात, ती सोलापूरच्या डॉक्टरला वाचता येते आणि कलबुर्गीच्याही. आणि मोठ्याला घेऊन जाल तेव्हा त्याच फेरीत धाकट्याचेही डोळे दाखवून या.